बाबांचा नेम

बाबा पिस्तुलाचा सराव टीव्हीसमोर करत. रविवारी सकाळी पोहे होईपर्यंत ते सोफ्याच्या मागे उभे राहत, दोन्ही हात लांब करत आणि हवामान सांगणाऱ्या माणसाच्या टायवर नेम धरून रिकाम्या पिस्तुलाचा खटका ओढत. खट्. वरचा भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढायची की पुन्हा खट्. आई स्वयंपाकघरात कांदा चिरत असे आणि प्रत्येक आवाजाला तिची सुरी थांबे. तिला त्याची सवय कधी झाली नाही. बाबांना ते ठाऊक होतं. ती ओट्यापाशी आली की ते मुद्दाम दोन-चार खटके जास्त ओढत. "बघ, अजून दचकते," ते मला सांगत. "एवढ्या वर्षांत कुकरच्या शिट्टीची भीती गेली नाही, ह्याची काय जाणार!" आई म्हणे, "पोहे गार होतायत." मग पिस्तूल टीपॉयवर, वर्तमानपत्राशेजारी ठेवलं जाई आणि आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसत असू. परदेशात, आमच्या प्लेनो गावात, खोबरं गोठवलेलं मिळे आणि त्याला फ्रीजचा वास असे, म्हणून आई पोह्यांवर नुसती कोथिंबीर घाले. लिंबू मात्र सढळ. त्या पोह्यांची चव आठवताना मला बंदुकीच्या तेलाचा वासही आठवतो. दोन्ही एकाच टेबलावर होते, त्याला माझा इलाज नाही.

पिस्तूल घरात आलं ते आमच्या रस्त्यावरच्या एका घरात चोरी झाल्यानंतर. घरात कोणी नसताना चोर मागचं दार फोडून टीव्ही घेऊन गेले, एवढीच ती चोरी. गाडी घेण्याआधी बाबांनी तीन महिने परीक्षणं वाचली होती. डिशवॉशरसाठी त्यांनी तक्ता केला होता. पिस्तूल त्यांनी एका दुपारी ऑफिसातून येताना आणलं. दुकानातल्या माणसाने हातात देऊन विचारलं, "कसं वाटतं?" त्यांना चांगलं वाटलं. त्यांच्या मित्रमंडळीतल्या बहुतेकांनी पिस्तूल असंच घेतलं होतं. डॉक्टर बोरकर काकांकडे दोन होती. बाबांबरोबर नोकरी करणाऱ्या तांबे काकांकडे एक होतं आणि ते गाडीच्या कप्प्यात, मुलांच्या क्रेयॉनबरोबर पडलेलं असे. शनिवारी रात्रीच्या जेवणाला ही मंडळी जमली की कोणाच्या पिस्तुलात किती गोळ्या मावतात यावर चर्चा होई. गोळी कुठे लागते, हा विषय निघत नसे.

पुढे वर्तमानपत्रात मी बरीच वर्षं कोर्टाच्या बातम्या केल्या. घरमालकाने स्वसंरक्षणासाठी गोळीबार केल्याची प्रकरणं माझ्याकडे येत. पोलिसांच्या अहवालात गोळ्या कुठे सापडल्या ते लिहिलेलं असतं: फ्रीजचं दार, शेजाऱ्याची भिंत, स्वतःची पोटरी. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असलेला माणूस सांगतो की तो अनेक वर्षं पिस्तूल बाळगतो आणि त्याचा हात चांगला आहे. बहुतेकदा तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटत असतं. मी नोंद घेत असे, आणि मला हवामानवाला आठवे.

बाबा मला रेंजवर घेऊन गेले ते मी अकरावीत असताना. मला शिकवावं हा हेतू नव्हता. त्यांना प्रेक्षक हवा होता आणि आईने साफ नकार दिला होता. रेंज हायवेला लागून असलेल्या एका लांबट, खिडक्या नसलेल्या इमारतीत होती. आत शिसं, बंदुकीची दारू आणि गालिच्याचा वास. कानांवर आवाज अडवणारी मोठी बोंडं चढवली तरी शेजारच्या गाळ्यातला धक्का छातीत कळे. सात यार्डांवर कागद टांगायचा, म्हणजे साधारण आमच्या दिवाणखान्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. बाबांनी माणसाच्या आकृतीचा मोठ्यात मोठा कागद घेतला. त्यांच्या गोळ्या आकृतीच्या डाव्या मांडीपाशी आणि त्याखालच्या पांढऱ्या कागदात गेल्या. त्यांनी पिस्तूल डोळ्यांपुढे धरून वरची नेम धरायची खूण, म्हणजे साइट, बघितली. "साइट हललीये ह्याची," ते म्हणाले. मग माझ्या हातात दिलं. माझ्या गोळ्या आकृतीच्या छातीवर, बशीने झाकल्या जातील एवढ्या जागेत गेल्या.

यात चमत्कार काही नव्हता. तिथे मुलामुलींच्या टीमला शिकवणाऱ्या कार्ला नावाच्या कोच होत्या, करड्या वेणीच्या, हळू बोलणाऱ्या. त्या मागून बघत होत्या. त्यांनी बाबांच्या पिस्तुलात खऱ्या गोळ्यांमध्ये एक खोटी, न उडणारी गोळी मिसळून भरली आणि म्हणाल्या, "मारा, सर." दोन गोळ्या उडाल्या. तिसऱ्या वेळी नुसतं खट् झालं, आणि बाबांचे दोन्ही हात जोरात खाली गेले. गोळी नव्हती, धक्का नव्हता, तरी हात खाली. कोच म्हणाल्या की आवाज होणार या कल्पनेनेच शरीर आधी दचकतं. साइटमध्ये काही बिघाड नाही, आणि हे सरावाने जातं. मग त्यांनी तेच माझ्याबाबतीत केलं. माझा हात होता तिथेच राहिला. मला नेमबाजीतलं एवढंच येत होतं. शेजारच्या गाळ्यातला एक माणूस हसला. बाबाही हसले, इंग्रजीत काहीतरी विनोद केला. घरी येताना त्यांनी लेगसी ड्राइव्ह रस्त्याच्या सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाले, "पोरींना काही कळत नाही ना, म्हणून हात हलत नाही. बैलाचा पण हलत नाही."

तरीही ते मला दर शनिवारी नेत राहिले. स्वतःचा कागद ते जवळ ओढत गेले, आणि मी मारताना फोन बघत उभे राहत. घरी आईने माझे कागद बघितले. तिला बंदुकीतलं काही कळत नव्हतं, बाबांमधलं कळत होतं. कणीक मळता मळता ती म्हणाली, "एक-दोन चुकव की गं."

"का?"

"चुकव म्हणते तर चुकव. मी इथे कणीक काय एकटीच्या अकलेने मळते का? त्यांना विचारून पाणी घालते. पोळी चांगलीच होते."

मला ते पटलं नाही. ऑक्टोबरात कोच कार्लांनी मला टीममध्ये यायला सांगितलं. हिवाळाभर सराव आणि मग राज्याच्या स्पर्धा. मला दुसरं काही येत नव्हतं. गणितात मी बेताची होते, ऑर्केस्ट्रात शेवटच्या रांगेत, आणि आमच्या मंडळींतली इतर मुलं स्पेलिंग आणि रोबॉट यांत बक्षिसं आणत. त्यांच्या आया माझ्या आईला विचारत, "मग तुमची काय करते?" मला ती टीम इतकी हवी होती की घरात मी तिचं नाव काढताना आवाज मुद्दाम सपाट ठेवत असे. कोचना सोमवारपर्यंत वडिलांचं उत्तर हवं होतं. बाबा म्हणाले, "शनिवारी बोरकरच्या शेतावर चल. कागदाला कोणीही भोकं पाडतं. तिथे बघतो तू किती पाण्यात आहेस, मग सांगतो."

त्याच आठवड्यात दसरा होता. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे अवजारांची पूजा होई. पाटावर आईची विळी, बाबांचा लॅपटॉप, ड्रिल मशीन, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या, आणि त्या वर्षी पहिल्यांदा पिस्तूल. पिस्तूल खाली ठेवायचं तर ते रिकामं आहे हे दिसावं म्हणून स्लाइड मागे अडकवून उघडी ठेवायची, हा रेंजचा नियम. बाबांनी नियमातला तेवढाच भाग मनापासून उचलला होता. उघडं पिस्तूल पाटावर ठेवून ते आईला म्हणाले, "हं, वाहा." आईने सर्वांवर वाहिली तशीच त्याच्यावरही हळद, कुंकू आणि कुंकवाने ओल्या केलेल्या अक्षता वाहिल्या. मी जवळ बसले होते. लाल तांदूळ त्या उघड्या खाचेतून आत जाताना मला दिसले.

"बाबा, आत गेलं. साफ करायला पाहिजे."

"पूजेचं लगेच पुसत नाहीत," बाबा म्हणाले. "दसरा होऊ दे."

दसरा झाला, श्रीखंड-पुरी झाली. शनिवारी सकाळी त्यांनी पिस्तूल पाटावरून उचललं, फुंकर मारली, स्लाइड बंद केली, गोळ्या भरल्या आणि कमरेला लावलं.

बोरकर काकांची जमीन प्लेनोपासून तासाभरावर, उत्तरेला, रेड रिव्हर नदीच्या अलीकडे होती. ते तिला शेत म्हणत. नावाला चार गाई, बाकी माळ आणि ओकची झाडं. रानडुकरं येऊन जमीन उकरत, म्हणून त्यांनी शेजारच्या शेतकऱ्याकडून लोखंडी जाळीचा पिंजरा लावून घेतला होता. आत मका टाकायचा. डुक्कर शिरलं की दार पडतं. एरवी तो शेतकरी येऊन छोट्या रायफलीने एका गोळीत काम संपवी. त्या दिवशी तो दुपारी येणार होता. पिंजऱ्यात एक डुकरीण होती. काळपट, आमच्या सोफ्याएवढी लांब, अंगाला चिखल. जाळीला धडका देऊन तिचं नाक फाटलं होतं. आम्ही गेलो तशी ती एका कोपऱ्यात गेली आणि गप्प उभी राहिली. आई आणि दोघी काकू घरात कूलरमधून, म्हणजे बर्फाच्या पेटीतून, मसालेभात, ठेचा आणि मटणाचे डबे काढून जेवण गरम करत होत्या. खिडकी उघडी होती, फोडणीचा वास पिंजऱ्यापर्यंत येत होता.

"शेतकरी आला की आटपेल," बोरकर काका म्हणाले. "तोवर चहा घेऊ."

"त्याची वाट कायले पाहून राहिले बे?" तांबे काका नागपूरचे. "आपला शार्पशूटर आला नं! हप्त्याचे हप्ते रेंजवर जाऊन राहिला हा. काय बे, का कागदच मारतं तू?"

बाबा पुढे गेले. डुकरीण त्यांच्यापासून सात यार्डांवरही नव्हती. पहिली गोळी तिच्या पुढच्या पायापाशी मातीत गेली. तांबे काका म्हणाले, "जमीन मेली." सगळे हसले. दुसरी गोळी तिच्या मागच्या मांडीत लागली आणि ती ओरडली. डुकराचं ओरडणं ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगून कळणार नाही; ते माणसाच्या आवाजाच्या फार जवळ असतं आणि मध्ये श्वास घ्यायला थांबत नाही. ती बसली, उठली, मागचा पाय ओढत गोल फिरू लागली. घरातली भांडी वाजायची थांबली. तिसरी गोळी जबड्यात लागली. जबडा एका बाजूला लोंबू लागला आणि ओरडण्याचा आवाज बदलला. तांबे काका अजून हसत होते, पण ते हसणं थांबवता येत नाही म्हणून चाललेलं होतं.

चौथ्या वेळी काहीच झालं नाही. स्लाइड अर्धवट पुढे येऊन अडकली होती. बाबा पिस्तूल झटकू लागले, थर्मामीटर झटकतात तसं, आणि त्याचं तोंड पिंजरा, बोरकर काकांचा ट्रक आणि आम्ही यांच्यावरून फिरलं. बोरकर काका ट्रकमागे गेले आणि तिथून ओरडले, "खाली! अरे, तोंड खाली धर ना!" बाबा घराच्या दिशेने ओरडले, "कुंकवाने वाट लावली! कोणी सांगितलं होतं एवढं ओतायला?" आई दारात आली होती.  पिस्तूल चौथ्या गोळीला अडकलं, आधीच्या तीन बाबांनी पाठवल्या तिथेच गेल्या होत्या, हे मी तेव्हाही मोजलं होतं. पुढे माझं पोट असल्या मोजणीवरच भरलं.

"बाबा, मला द्या."

"तुला काय येतं? दुरुस्त करणार?"

"दे नं बे पोरीले," तांबे काका म्हणाले. आता ते हसत नव्हते. "तो जीव पाह्य कसा करून राहिला."

बाबांनी पिस्तूल दिलं. मी गोळ्यांची पट्टी, म्हणजे मॅगझिन, काढली, तोंड मातीकडे ठेवून स्लाइड ओढली. अडकलेली गोळी पडली आणि तिच्यामागे लाल तांदळाचे दोन दाणे. पट्टी परत लावली. डुकरीण फिरायची थांबून जाळीला टेकली होती, तोंड माझ्याकडे. त्या क्षणी मला आईचं वाक्य आठवलं, हे मी नाकारत नाही. सोमवार माझ्या डोळ्यांसमोर होता. एक मातीत घालावी, मग पिस्तूल बाबांना परत द्यावं, म्हणजे दोघंही सारखे चुकलो असं होईल आणि ते खुशीत हो म्हणतील: हा हिशेब मला पूर्ण कळला होता, आणि तो बरोबर होता. पण त्याची किंमत जाळीला टेकून उभी होती. मी डोळा आणि कान यांच्या मध्ये नेम धरला. ती होती तिथेच खाली बसली आणि आवाज बंद झाला.

 मग तांबे काकांनी टाळ्या वाजवल्या. "अबे, पोट्टीनं तर कामच केलं! तू आता एक काम कर, पिस्तूल हिच्या नावानं करून दे, अन् तू जा आतमंदी, पोळ्या लाटाले." बोरकर काका ट्रकमागून बाहेर येऊन हसले. सुटल्यासारखे सगळेच हसले, बाबासुद्धा. ते हसताना माझ्याकडे बघत नव्हते. मी पिस्तूल रिकामं करून, स्लाइड उघडी ठेवून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं. टीमचं उत्तर मला तिथेच मिळालं, फक्त ते अजून बोलून दाखवायचं होतं.

जेवण उत्तम झालं. मटण बोरकर काकूंनी केलं होतं आणि पुरुष दोन-दोनदा वाढून घेत होते. भात संपेपर्यंत बाबांची गोष्ट तयार झाली: जबड्यातली गोळीच जीवघेणी होती, जनावर तसंही दोन मिनिटांत मेलं असतं, कुंकवाने घात केला. "हिने तांदूळ भरले आत," ते सगळ्यांसमोर आईकडे बोट करून म्हणाले. "पिस्तुलाचा काय रुखवत करायचा होता का? फुटलं असतं हातात तर? विधवा होऊन बसली असतीस." आई त्यांच्या पानात भात वाढत होती. ती म्हणाली, "हो, चुकलंच." बोरकर काकू मला म्हणाल्या, "अगंबाई, मटण आणखी घे ना." मी खाल्लं. मला भूक होती.

नोकरी मी इंग्रजीत केली. हे मराठीत लिहिते आहे, कारण त्या दिवशी जे बोललं गेलं ते मराठीत बोललं गेलं आणि भाषांतरात त्याची धार जाते. बाबा आता सत्तरीत आहेत. डुकराची गोष्ट ते पाहुण्यांना अजून सांगतात. तिच्यात मी नसते. शेवटची गोळी त्यांची असते. मी समोर बसलेली असताना सांगतात, आणि मी दुरुस्ती करत नाही. दुरुस्ती करण्याचे पैसे मला ऑफिसात मिळत असत.

सोमवारी संध्याकाळी कोच कार्लांचा फोन आला. आई कुकर लावत होती. बाबांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, हात पुसले आणि आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत, फार नम्रपणे म्हणाले, "थँक यू सो मच, मॅम. आम्ही घरात खूप विचार केला. पण तिला झेपणार नाही. काय आहे, ती आवाजाला घाबरते. शनिवारी आमच्या मित्राच्या शेतावर बघितलं ना आम्ही. गोळी उडाली की दचकते, रडते. वडील म्हणून बघवत नाही."

 "माझ्यासमोर तर ती कधी दचकली नाही," कोच म्हणाल्या. "तिच्याशी बोलू का?"

"ऑफ कोर्स," बाबा म्हणाले. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि मराठीत, अगदी प्रेमाने म्हणाले, "बोल बाळा. तूच सांग."

आईने गॅस बारीक केला, पण वळून बघितलं नाही. कोचनी विचारलं, "हनी, हे खरं आहे? तुला भीती वाटते?" बाबा माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, हलका, जड नव्हे.

"येस, मॅम," मी म्हणाले.

"बरं," कोच कार्ला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "त्यात लाजण्यासारखं काही नाही, हनी. पिस्तूल बाळगणाऱ्या बहुतेकांना भीती वाटते. फक्त कबूल कोणी करत नाही."

बाबांनी हे ऐकलं आणि माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं.